तुम्ही विचारलंत म्हणून: अलंकार पाठ करून घ्यायचे का?

पालकसभेत हा प्रश्न येतोच. "बाई, हिला उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरकच कळत नाही. कसं पाठ करून घेऊ?" सहावी-सातवीत पाठ करून घेऊच नका, असं मी सांगते.

पाठ करायला असते ती शब्दांची यादी. सारखा, समान, प्रमाणे, जसा आले की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे आले की उत्प्रेक्षा. मग मूल कविता वाचतच नाही, यादीतला शब्द तेवढा हुडकतं. 'मलाही ताईसारखा डबा हवा' असं मी फळ्यावर लिहिते, तर अर्धा वर्ग 'उपमा!' म्हणून ओरडतो. 'सारखा' आहे खरा, पण डब्यासारखा डबा मागण्यात अलंकार कुठला? दोन निराळ्या गोष्टींत कुणाला तरी साम्य दिसावं लागतं.

ते कसं दिसतं, हे बहिणाबाईंइतकं सोपं करून कुणी दाखवत नाही. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' ही उपमा. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' इथे मात्र 'जसं' नाही. मन ढोरासारखं नाही, ढोरच आहे. हे रूपक. शेतकऱ्याघरचा एक मुलगा म्हणाला, "एकदा पिकाची चव लागली की ढोर काठीलाही भीत नाही, बाई." त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "अभ्यासाला बसलं की माझं अस्संच होतं." त्या वर्गाला रूपकाची व्याख्या मला द्यावी लागली नाही.

यानंतर मुलांनी स्वतः लिहायचं. चंद्रासारखा चेहरा आणि मोत्यांसारखे दात चालत नाहीत. घरातलं, हाताला लागलेलं काहीतरी हवं. एकीने लिहिलं, 'आजीचा हात पाठीवरून फिरला की किसणीसारखा लागतो.' किती खरं वाक्य! तेच आम्ही फळ्यावर फिरवत नेलं. आजीचा हात किसणीसारखा खरखरीत: उपमा. आजीचा हात म्हणजे जणू किसणीच: उत्प्रेक्षा. आजीच्या हाताची किसणी पाठीवरून फिरली: रूपक. आजीचा हात किसणीहूनही खरखरीत: व्यतिरेक. त्यानंतर नामदेवांचं 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा' वाचलं, तेव्हा अमृत मागे पडलंय हे मुलांनीच सांगितलं. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, यातही कुणी अडखळलं नाही, कारण आजी कोण आणि किसणी कोण हे त्यांना ठाऊकच होतं.

अनुप्रास आणि यमक मोठ्याने वाचले की कानाला कळतात, त्यावर वेगळा तास घालवायची गरज नाही. श्लेषाला, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघण्याच्या गमतीला, मी घाई करत नाही. त्यासाठी शब्दसंग्रह लागतो, आठवीपर्यंत तो वाढतो.

गुणांची काळजी मलाही आहे. यादी मी देतेच, पण परीक्षा तोंडावर आल्यावर. तोवर घरी एवढंच करा: मुलाच्या बोलण्यात 'सारखं' आलं की विचारा, कशासारखं, आणि कोणत्या बाबतीत?