ग्रँड कॅन्यन: खाली उतरण्याआधी वर येण्याचा हिशोब

डोंगरावर आधी चढून दम लागतो आणि परतताना उतार मिळतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीत नेमकं उलट आहे. ताजे पाय, सकाळचा गारवा आणि उतार हे सगळं सुरुवातीला मिळतं. चढण मात्र उन्हं तापल्यावर वाट्याला येते. साउथ रिमचा, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाचा कडा सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे आणि कोलोरॅडो नदी त्याच्या जवळपास १,४०० मीटर खाली. जुलैत कड्यावर दुपारी तिशीच्या आसपास असणारा पारा नदीकाठी सावलीतही चाळिशी ओलांडतो. म्हणून एका दिवसात नदी गाठून परत येण्याचा बेत आखूच नका. पार्कचे रेंजरही हेच बजावतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही ब्राइट एंजेल ट्रेल ही साउथ रिमवरून उतरणारी पायवाट सुचवतो. दीड मैल आणि तीन मैलांवर निवारे आहेत, साडेचार मैलांवर (सव्वासात किलोमीटर) हवासुपाई गार्डन्स हा झाडीतला थांबा. उन्हाळ्यात दीड मैलांचा निवारा पुरे. तेवढ्यातच ३४० मीटर उतरलेले असता. वाटेतले नळ हंगामी आहेत आणि पाइपलाइन फुटली की ऐन हंगामातही कोरडे पडतात. निघण्याच्या दिवशी व्हिजिटर सेंटरमध्ये चौकशी करा आणि तरीही पाणी पुरेसं घेऊनच निघा.

साउथ कैबाब ट्रेल धारेवरून जातो. दोन्ही बाजूंचा देखावा अफाट, पण सावली जवळजवळ नाही आणि पाणी अजिबात नाही. सीडर रिज (दीड मैल) हा इथला शहाणा टप्पा. सुरुवातीपर्यंत खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची बस घ्यावी लागते. पहाटेची बस चुकवू नका, कारण उन्हाळ्यात दहा ते चार या वेळात चढणीवर असायचंच नाही.

वेळेचं गणित सोपं आहे: उतरायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट चढायला धरा. हाताशी सहा तास असतील तर दोन तास झाले की मागे फिरा, मग ठरवलेलं ठिकाण शंभर पावलांवर का असेना. ही वेळ कड्यावरच सोबत्यांसमोर ठरवा. खाली गेल्यावर ‘अजून थोडं’ म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो.

उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. पण नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, पुढे भ्रमही होतो. उष्माघाताची सुरुवातही बरीचशी अशीच दिसते, त्यामुळे फसगत होते. प्रत्येक विश्रांतीला काहीतरी खारट खा. पाणी असेल तिथे शर्ट आणि टोपी भिजवून घाला, कोरड्या हवेत अंग झपाट्याने गार होतं. कोणी बरळायला लागलं तर चालणं तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि मदत मागवा. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. म्हणून बेत आणि परतीची वेळ वर कुणाला तरी सांगूनच उतरा. उशीर झालाच तर हेडलॅम्प लागतो, मोबाइलच्या उजेडावर भिस्त ठेवू नका.

खेचरांचा तांडा आला तर कड्याच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला सरकून निश्चल उभे राहा आणि तांड्यासोबतचा माणूस सांगेल तसं करा. हिवाळ्यात वरच्या वळणांवर बर्फ घट्ट होतो. तेव्हा बुटांना लावायचे काटे हवेतच.