इंजिन नवं बांधलं, पण ऑइल प्रेशर चढेना : माझा अनुभव

"नवं इंजिन आहे, थोडं चालवा, बसेल." हे वाक्य मी सहा आठवडे ऐकलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. पिस्टनच्या रिंगा बसतात हे खरं. चालवून चालवून ऑइल प्रेशर वाढलं, असं मात्र होत नाही. प्रेशर कमी असताना इंजिन चालवलं की बेअरिंग आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) यांच्यामधला ऑइलचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. म्हणून पहिलीच विनंती: ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला तर इंजिन बंद करा, मग काय ती चर्चा करा.

इंजिन मीच खोललं, मीच बांधलं. क्रँक ग्राइंड करणं, ब्लॉक बोअर करणं आणि केमिकलच्या टाकीत धुणं एवढंच मशीन शॉपला दिलं होतं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा गार इंजिनवर प्रेशर ४० पीएसआय. जीव भांड्यात पडला. वीसेक मिनिटांनी रेडिएटरचा पंखा लागला आणि काटा उतरत उतरत आयडलिंगला ६ वर आला.

सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा सेन्सर) काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावलं. हे सगळ्यात आधी करा, कारण बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं आणि सेंडरच खोटं बोलत असतो. माझा खरं बोलत होता. गरम इंजिनवर आयडलिंगला ६, तीन हजार आरपीएमला २२. ढोबळ हिशेब दर हजार आरपीएममागे १० पीएसआयचा आहे. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच धरायचा.

मग सुरू झालं सल्ल्यांचं सत्र. जाड ऑइल टाक. १०डब्ल्यू-३० काढून २०डब्ल्यू-५० टाकलं, ६ चे ९ झाले. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. पुढे वाटेत जेवढा अडथळा, तेवढं प्रेशर. जाड ऑइलने अडथळा वाढतो, गळती आहे तिथेच राहते. पंप बदल. बदलला. रिलीफ व्हॉल्व (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) काढून पाहिला, कचरा नाही, त्याचा पिस्टन बोटाने सरकत होता, स्प्रिंग शाबूत. स्ट्रेनरच्या (पंपाच्या तोंडाची जाळी) नळीची ओ-रिंग नवी टाकली, कारण ती चिरली असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. फरक शून्य. हे काम मला टाळता आलं असतं. हवा ओढली जात असेल तर काटा थरथरतो आणि आरपीएम वाढवल्यावर त्रास वाढतो. माझा काटा स्थिर होता, फक्त खाली होता.

मशीन शॉपला तीनदा गेलो. तिन्ही वेळा उत्तर एकच, "क्लिअरन्स बरोबर दिलाय, चालवा." क्लिअरन्स म्हणजे बेअरिंग आणि क्रँकमधली फट. तिसऱ्या वेळी तर ब्लॉकबद्दल विचारायच्या आतच हे उत्तर आलं. शेवटी ऑइल चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा ट्रे) काढून बेअरिंगच्या कॅप खोलल्या. शेलच्या (बेअरिंगची अर्धी वाटी) पाठीवर ०.२५ अंडरसाइझचा शिक्का होता, म्हणजे ग्राइंडिंगला जुळणारा. प्लॅस्टिगेज (फट मोजायची मऊ प्लॅस्टिकची पट्टी) ठेवून कॅप टॉर्कवर आवळल्या, पुन्हा उघडल्या, चेपलेली पट्टी मोजली: मेन बेअरिंगवर ०.०५ मिलिमीटर. माझं जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ५० मिलिमीटरचं आहे, त्याला एवढं योग्यच. बेअरिंगवर संशय घेणं चुकीचं नव्हतं, कारण क्लिअरन्स दुप्पट झाला की गळती आठपट होते. पण मोजमाप स्वच्छ आलं आणि मी अडकलो. पंप नवा, बेअरिंग बरोबर, ऑइल बरोबर, तरी प्रेशर नाही. इथे दोन आठवडे गेले. रोज संध्याकाळी त्या उघड्या इंजिनासमोर उभा राहायचो आणि हात न लावता परत यायचो.

मग एका जुन्या पद्धतीची आठवण झाली. इंजिन उतरवून स्टँडवर घेतलं, चेंबर काढलेलाच होता. बंद डब्यात ऑइल भरलं, कंप्रेसरने त्यावर ३० पीएसआय हवा दिली आणि डब्याची नळी सेंडरच्या भोकात जोडली. इंजिन बंद असताना गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत, ऑइल खेळू लागलं. टॉर्च घेऊन खाली वाकलो. प्रत्येक मेन बेअरिंगच्या कडेला थेंब जमत होता, फुगत होता, सुटत होता. कॅमकडूनही तसेच थेंब. आणि पुढच्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या आतून, पेन्सिलीएवढी अखंड धार ट्रेमध्ये पडत होती.

कव्हर खोललं. गॅलरीची दोन तोंडं शेजारी शेजारी. एकाला प्लग (आट्यांचं बूच), दुसऱ्यात नुसते आटे, धुऊन चकचकीत झालेले. धुताना सगळे प्लग काढले होते आणि बसवताना एक राहिला. तिथून सुटलेलं ऑइल कव्हरच्या आतून थेट चेंबरमध्ये परत जात होतं, म्हणून जमिनीवर डाग नाही, डिपस्टिकवर पातळी कमी नाही. प्लग मशीन शॉपकडून राहिला, पण ब्लॉक हातात आल्यावर प्लग मोजून घेणं माझंही काम होतं आणि मी ते केलं नाही.

प्लगच्या आट्यांना लिक्विड सीलंटच लावा. टेफ्लॉन टेपचा धागा सुटला तर गॅलरीतून थेट बेअरिंगकडे जातो. काही इंजिनांत टायमिंग चेनला ऑइल मिळावं म्हणून एका प्लगला मुद्दाम बारीक भोक असतं; कुठला कुठे होता हे काढतानाच लिहून ठेवा. पंप नवा असेल तर गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरा, स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारा आणि काटा उठल्यावरच इंजिन सुरू करा. हे आधी सांगायला हवं होतं: काही खोलण्याआधी ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहा, चकाकी दिसली तर बेअरिंग झिजतंय. आणि डिपस्टिकचा वास घ्या, पेट्रोल मिसळून ऑइल पातळ झालं तरी प्रेशर पडतं.

दोन शेलवर घासल्याच्या मंद रेघा होत्या, ते बदलले. ऑइल पुन्हा १०डब्ल्यू-३०. पंखा लागून बंद झाल्यावर आयडलिंगला १८, तीन हजारला ४८. इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा १८.