तुम्ही विचारलंत म्हणून: अधिकाऱ्याला कायदा कशासाठी?

लष्करी कायद्याचा इतिहास शिकवताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: हुकूम देणे आणि पाळणे हेच ज्याचे काम, त्या अधिकाऱ्याला कायद्याचे रीतसर शिक्षण कशासाठी? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून झारशाहीच्या रशियातील उदाहरण सांगते.

पीटर द ग्रेटच्या १७१६ च्या लष्करी संहितेने सैनिकी न्यायालयात ‘ऑडिटर’ बसवला. हिशेबाशी त्याचा संबंध नव्हता. खटला कायद्याबरहुकूम चालतो की नाही, हे त्याने पाहायचे होते. निकालात मात्र त्याला मत नव्हते. ज्याला कायदा ठाऊक त्याला मत नाही आणि ज्यांना मत आहे ते कायदा शिकलेले नाहीत, ही रचना जवळजवळ दीडशे वर्षे टिकली. १८३२ मध्ये पीटर्सबर्गला ऑडिटरांसाठी शाळा निघाली, पण ती सैनिकांच्या मुलांसाठी होती. तिथून बाहेर पडलेल्या, कारकुनापेक्षा फारसा मान नसलेल्या माणसाने कर्नलला ‘हे बेकायदा आहे’ असे सुनवावे, ही अपेक्षाच मला निर्दय वाटते.

क्रिमियन युद्धातील पराभवानंतर सैन्याची घडी नव्याने बसवणारे युद्धमंत्री दिमित्री मिल्यूतिन यांनी हे दुखणे ओळखले. १८६७ च्या नियमांनी बंद दाराआडच्या कागदी चौकशीच्या जागी तोंडी सुनावणी, सरकारी वकील आणि आरोपीचा बचाव आणला, आणि त्याच सुमारास लष्करी विधी अकादमी उभी राहिली. पलटणीत नोकरी केलेले अधिकारी आता स्वतः कायदा शिकू लागले. पुढे त्यांना दिवाणी कायदा शिकवायला कायदेपंडित कावेलिन होते, ज्यांनी भूदासांच्या मुक्तीचा आराखडा मांडल्याची किंमत दरबारातली जागा गमावून मोजली होती.

या शिक्षणाने सारे न्यायाधीश दयाळू झाले, असे मी म्हणणार नाही. मिल्यूतिन यांच्या सुधारणेतून आलेल्या लष्करी जिल्हा न्यायालयांनीही पुष्कळांना फाशी दिली. पण ऑगस्ट १९०६ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, पंतप्रधान स्तोलिपिन यांच्या सरकारने जी युद्धक्षेत्रीय न्यायालये काढली, त्यांची घडण पाहा: पाच अधिकारी, बंद दार, सरकारी वकील नाही, बचावाचा वकील नाही, दोन दिवसांत निकाल आणि पुढच्या चोवीस तासांत अंमल. ते पाचही जण पलटणीतले होते. चाळीस वर्षे अकादमीने घडवलेल्या विधिज्ञांना त्या खोलीत जागा ठेवलेली नव्हती.