तुम्ही विचारलंत म्हणून : क्ष ही संख्या आहे का?

बीजगणित शिकणारे विद्यार्थी मला एक प्रश्न वारंवार विचारतात : क्ष म्हणजे नक्की काय? ती अज्ञात संख्या आहे, बदलती संख्या आहे, की नुसते कागदावरचे चिन्ह? या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु एकाच वेळी नव्हे, आणि तिसऱ्या गोष्टीकडे आपण फार कमी लक्ष देतो असे मला मनापासून वाटते.

पहिल्या दोन गोष्टी लवकर समजतात. २क्ष + ३ = ११ या समीकरणात क्ष ही ठरलेलीच संख्या आहे; ती ४ आहे हे आपल्याला अजून काढायचे आहे, एवढेच. (क्ष + १)² = क्ष² + २क्ष + १ असे लिहितो तेव्हा मात्र काहीच शोधायचे नसते, कारण क्षच्या जागी कोणतीही संख्या ठेवली तरी दोन्ही बाजू समान येतात, असा त्या विधानाचा दावा असतो. ज्ञात राशींनाही अक्षरे देण्याची रीत फ्रेंच गणिती फ्रान्स्वा व्हिएत याने १५९१ मध्ये पद्धतशीरपणे मांडली आणि तेव्हापासून एका विशिष्ट समीकरणाऐवजी समीकरणांच्या संपूर्ण प्रकाराबद्दल बोलणे शक्य झाले.

तिसरा अर्थ बहुपदींमध्ये, म्हणजे क्ष² + २क्ष + १ यांसारख्या राशींमध्ये येतो. तेथे क्ष हा अनिर्धार्य असतो, म्हणजे तो कोणत्याही संख्येच्या जागी उभा नसतो. असा अर्थ कशाला हवा, हे पाहण्यासाठी केवळ ० आणि १ या दोनच संख्या असलेले अंकगणित घ्या, ज्यात १ + १ = ० मानले जाते. क्ष² + क्ष या बहुपदीत क्षच्या जागी ० ठेवले तर ० येते आणि १ ठेवले तरीही ० येते. क्ष म्हणजे ‘बदलती संख्या’ एवढेच मानले, तर ही बहुपदी आणि शून्य यांत काहीच फरक उरत नाही. तरीही त्या एकच नाहीत. याच अंकगणिताचा विस्तार करून चार घटकांचे क्षेत्र (म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्येतर घटकाने भागाकार करता येईल असा संच) बनवता येते, आणि त्यात α² = α + १ हा नियम पाळणारा एक घटक α असतो; क्षच्या जागी तो ठेवला की क्ष² + क्ष ची किंमत १ येते. पहिल्या दोन किंमती पाहून आपण ती बहुपदी शून्य म्हणून टाकून दिली असती, तर ही माहिती कायमची हरवली असती.

म्हणून बहुपदीची व्याख्या तिच्या किमतींवरून न करता सहगुणकांवरून, म्हणजे १, क्ष, क्ष², … यांना गुणणाऱ्या संख्यांवरून करतात. बहुपदी म्हणजे सहगुणकांची अशी क्रमिका (क्रमाने मांडलेली यादी), जिच्यात कोणत्यातरी पदापासून पुढची सगळी पदे शून्यच असतात. आणि क्ष म्हणजे (०, १, ०, ०, …) ही क्रमिका. गुणाकाराचा नेहमीचा नियम लावला की क्ष² = (०, ०, १, ०, …) मिळते. या व्याख्येत गूढ असे काहीच शिल्लक राहत नाही, हे मला तिचे मोठे सौंदर्य वाटते. शिवाय क्ष कशाशीच बांधलेला नसल्यामुळे त्याच्या जागी संख्या, चौरस सारणी (संख्यांची ओळी-स्तंभांतली चौकोनी मांडणी, मॅट्रिक्स), किंवा दुसरी बहुपदीसुद्धा ठेवता येते, आणि बेरीज-गुणाकाराची जी समानता बहुपदींमध्ये सिद्ध झाली ती अशा प्रत्येक ठिकाणी आपोआप लागू होते.

‘बांधलेला नसणे’ म्हणजे काय, हे √२ आणि π यांच्या तुलनेने स्पष्ट होते. √२ चा वर्ग २ असतो, म्हणून परिमेय (म्हणजे पूर्णांकांच्या अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येणारे) सहगुणक घेऊन √२ ची कितीही मोठी राशी लिहिली तरी ती शेवटी अ + ब√२ या रूपात आवरते. π असा आवरत नाही. परिमेय सहगुणकांच्या कोणत्याही शून्येतर बहुपदीचे π हे मूळ नाही, म्हणजे क्षच्या जागी π ठेवून तिची किंमत शून्य येत नाही, हे जर्मन गणिती लिंडेमान याने १८८२ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे परिमेय संख्या आणि π यांच्या बेरजा व गुणाकार करून ज्या राशी तयार होतात, त्यांचे व्यवहार क्षच्या बहुपदींशी तंतोतंत जुळतात. बेरीज आणि गुणाकार एवढेच पाहणाऱ्याला π कोणता आणि क्ष कोणता हे सांगता येणार नाही. भेद दिसतो तो लहान-मोठेपणाचा विषय निघाल्यावर : π हा ३ पेक्षा मोठा आहे, तर क्ष हा ३ पेक्षा मोठा की लहान, या प्रश्नाला त्याच्या व्याख्येत कोणतेच उत्तर नाही.