पुढचा ब्रेक: भाचीचे पहिले 640 किलोमीटर

किलोमीटर 0

स्प्लेंडर तीन वर्षांनी ताडपत्रीखालून बाहेर काढली. 2011 ची गाडी, रीडिंग 62 हजारांच्या वर. ढकलत गॅरेजला नेली. बॅटरी, प्लग, चेन, ऑइल आणि दोन्ही टायर अशी यादी होणार हे माहीतच होतं. यादीत नव्हतं ते मेकॅनिकने दोन्ही चाकं खोलल्यावर ऐकवलं. "काका, मागचे ब्रेक लायनर तिसऱ्यांदा बदलतोय. पुढचे अजून कंपनीचेच आहेत."

मी नुसता हसलो, पण ते डोक्यात राहिलं. 62 हजार किलोमीटर मी गाडी थांबवली ती जवळपास एका पायाने, म्हणजे मागच्या ब्रेकने. कारण उघड आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी काकांनी गावच्या रस्त्यावर राजदूतवर बसवलं तेव्हा पहिलं वाक्य हे होतं: "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटा पडशील." माझ्या वयाच्या निम्म्या लोकांना कुणी ना कुणी हेच सांगितलेलं असतं.

आता शिकवायची पाळी माझी. भाची चोवीस वर्षांची, कोथरूडात सहा वर्षं स्कूटर चालवते, म्हणजे रहदारी तिला नवी नाही. गिअर नवे. पावसाळ्यात ताम्हिणीत स्वतःच्या गाडीवर जायचंय, एवढं एकच कारण तिने दिलं आणि मला ते पुरलं. तिचं लायसन्स विदाउट गिअरचं, त्यामुळे गिअरसाठी पुन्हा शिकाऊ लायसन्स काढलं. ते सहा महिने चालतं, पक्क्या परीक्षेला मात्र 30 दिवसांनंतरच बसता येतं. पांढऱ्यावर लाल एलची पाटी पुढे-मागे लावली. पाटी बघून पुण्यात कुणी जरा सांभाळून घेईल ही आशा मी ठेवली नव्हती.

हेल्मेट आयएसआयचं, तिच्याच डोक्याच्या मापाचं. माझं जुनं तिला देणार नव्हतो. पट्टा लावून मागून वर ढकलल्यावर डोक्यातून निघालं तर ते हेल्मेट टोपीच्या लायकीचं. हातमोजे तिला फॅशन वाटत होते. पडताना माणूस आधी तळहात टेकतो, एवढं सांगितल्यावर वाद संपला.

किलोमीटर 2

आख्खी सकाळ दोन किलोमीटर. मैदान सपाट, थोडी माती, कडेला क्रिकेटवाली पोरं.

गाडी बंद, न्यूट्रलमध्ये, मी मागून ढकलतोय आणि ती फक्त थांबतेय. वीसेक वेळा. चालवायच्या आधी थांबायला शिकव, असं ठरवूनच गेलो होतो. तिला कंटाळा आला, मला घाम आला.

मग इंजिन चालू करून पहिला गिअर. रेस अजिबात नाही. क्लच इतका हळू सोडायचा की कुठे पकडतो ते बोटांना कळलं पाहिजे. पकडला की तिथेच धरून ठेव, गाडी मुंगीच्या चालीने सरकेल, मग पुन्हा दाब. स्प्लेंडरला हे सहज जमतं, म्हणूनच ती निवडली. वजन 112 किलोच्या आसपास, सीट बुटकी, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात. पहिल्या अर्ध्या तासात गाडी अकरा वेळा बंद पडली, दुसऱ्या अर्ध्या तासात दोनदा. रेस न देता क्लच ओळखता आला की पुढे रेसचं भांडण उरत नाही. उलट्या क्रमाने शिकलेली माणसं सिग्नलला घूंऽऽ करून सुटतात ती आयुष्यभर.

किलोमीटर 19

आज स्कूटरची सहा वर्षं आडवी आली.

मैदानात एक कुत्रं मधे आलं. वेग वीसच्या आत. तिने घाबरून दोन्ही लिव्हर गच्च दाबले, पण जोर सगळा डाव्या हातात. स्कूटरला डावीकडे मागचा ब्रेक असतो, मोटरसायकलला तिथे क्लच. म्हणजे नेमक्या वेळी इंजिनचीही पकड सुटली आणि गाडी मोकळी धावली. कुत्रं हुशार होतं, बाजूला झालं.

स्कूटरवरून येणाऱ्यांना शिकवणाऱ्यांनी हे आधीच धरून चाला. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. उपाय म्हणून पुढचे तीन दिवस संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, ती वर बसलेली. मी गप्पा मारता मारता मधेच टाळी वाजवायची, तिने उजवा हात आणि उजवा पाय दाबायचा, क्लच त्यानंतर. ताई गॅलरीतून बघत होती. "हे काय चाललंय दोघांचं?" तिसऱ्या दिवशी टाळी वाजवायचा आव आणला तरी उजवा हात हलत होता.

किलोमीटर 41

खडूचा दिवस. मैदानाला लागून डांबरी पट्टा आहे, रविवारी सकाळी सातपर्यंत रिकामा. आडवी रेघ मारली. तीसच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक, गाडी उभी राहील तिथपर्यंत मी पावलं मोजणार.

फक्त मागचा ब्रेक: 16, 15, 17. मधल्या वेळेस मागचं चाक लॉक होऊन किंचित आडवं गेलं.

दोन्ही ब्रेक: 11, 9, 9, 8.

ती आकड्यांकडे बघत होती, मी माझ्या मागच्या लायनरांबद्दल विचार करत होतो. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं सगळं वजन पुढे झुकतं. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, मागचा हलका होतो. हलक्या झालेल्या चाकाला कितीही आवळलं तरी ते घसरणार, दुसरं काय करणार? थांबवायची ताकद पुढे असते. काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पुढचा ब्रेक एकदम हिसक्याने दाबला, तेही वाळूवर, तर चाक लॉक होतं आणि माणूस खाली येतो. पण त्यावर उत्तर दाबायची रीत शिकणं हे होतं. काकांनी ब्रेकच काढून घेतला.

रीत समजवायला शब्द सापडेनात. शेवटी सोऱ्या आठवला. चकलीचा सोऱ्या पहिल्या क्षणी जोरात दाबला तर पीठ बाजूने बाहेर येतं. आधी हलका दाब, पीठ बसू दे, मग हवा तेवढा जोर. ब्रेकचंही तसंच: आधी हलकं, पुढचा शॉकॅब बसू दे, मग दाबत जा. दिवाळीत चकल्या तीच पाडते, त्यामुळे पुढचं बोलावं लागलं नाही.

त्याच दिवशी वळणाचंही थोडं केलं. वीस-पंचवीसच्या वर गाडी हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते. उजवीकडे जायचं तर उजव्या हाताने हँडल हलकं पुढे ढकल. ऐकायला उलटं वाटतं. तिने दोनदा करून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे मी स्कूटरवर करतेच की." करतेच. सगळेच करतात, फक्त कळत नाही.

किलोमीटर 58

पडली. चूक माझी.

रस्त्यावर न्यायच्या आधी यू-टर्न पक्का करत होतो. हँडल पूर्ण वळलेलं, वेग चालण्याइतका, पुढ्यात एक पोरगा बॉलमागे धावत आला. तिने मी शिकवल्याप्रमाणे पुढचा ब्रेक दाबला. वळलेल्या चाकावर पुढचा ब्रेक लागला की गाडी त्या बाजूला लवंडते, पायाला सावरायला वेळच मिळत नाही. उजवा इंडिकेटर गेला, ब्रेक लिव्हर वाकला, तिच्या गुडघ्याला जीन्सच्या आतून खरचटलं. हातमोज्यांमुळे तळवे शाबूत.

एक आठवडा पुढच्या ब्रेकचा गजर केला, आणि तो कुठे वापरायचा नाही ते सांगायचं राहून गेलं. हँडल सरळ असताना दोन्ही. हँडल वळलेलं असताना, सरपटत्या वेगात, फक्त मागचा आणि अर्धा क्लच. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पडल्यावर गाडी उचलायची कशी तेही मग शिकवलंच: आधी चावी बंद, गाडी गिअरमध्ये म्हणजे गडगडणार नाही, गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं आणि पायाच्या जोराने मागे रेटत उभी करायची. कमरेने उचलायला गेलात तर दुसऱ्या दिवशी माझी आठवण काढाल. तिने दुसऱ्या प्रयत्नात एकटीने उचलली. पडल्याचं दुःख तिथेच संपलं असावं, कारण लगेच सेल्फी निघाला. ताईला पाठवला नाही, हे आमचं ठरलं.

किलोमीटर 120 ते 260

रस्ता. एनडीए रस्ता, सकाळी सहाला. ती पुढे, मी मागे पल्सरवर. मागून बघताना तिची मान दिसते. मान खाली म्हणजे ती स्पीडोमीटर किंवा पुढच्या चाकासमोरचा खड्डा बघतेय. खड्ड्याकडे बघत राहिलं की माणूस त्यातच जातो, हे तिने चार वेळा सिद्ध केलं. "खड्डा दिसला ना? आता त्याच्या बाजूची वाट बघ."

अंतर ठेवण्यासाठी आमची एक युक्ती. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात शांतपणे "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचं. म्हणून व्हायच्या आत आपण त्याच खांबापाशी आलो तर फार जवळ आहोत. साधारण दोन सेकंद होतात. चाळीसच्या वेगाला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, आणि ब्रेकवर बोट जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. पावसात मोरया दोनदा.

डंपर आणि बसबद्दल एवढंच: त्यांच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्याला आपण दिसत नाही. डाव्या बाजूने घुसायचं नाही, पुढे कितीही जागा दिसली तरी.

याच दरम्यान परीक्षा झाली. आठचा आकडा पाय न टेकता. मैदानात अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक यांवर जो वेळ घालवला तो इथे वसूल झाला.

किलोमीटर 410

पल्सर दिली. दहा मिनिटांत परत घेतली.

स्प्लेंडरचे चारही गिअर पुढच्या बाजूने खाली दाबून वाढतात. पल्सरचा पहिला खाली, बाकीचे चार वर. दुसऱ्यावरून तिसरा टाकायला तिने सवयीने पंजा दाबला आणि पस्तीसच्या वेगाला गाडी पहिल्यात गेली. इंजिन किंचाळलं, मागचं चाक टकटकलं. तिने क्लच दाबला म्हणून निभावलं. दोन आठवडे फक्त एकच गाडी चालवायची असं ठरवलं, आणि त्यानंतर पल्सर. ज्यांच्या घरी दोन वेगळ्या पॅटर्नच्या गाड्या आहेत त्यांनी नवशिक्याला आलटून पालटून देऊ नये.

पल्सर 2019 ची आहे. त्या वर्षीच्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. माझ्या गाडीला ते पुढच्या चाकाला आहे. भाचीने विचारलं, "मग सोऱ्याची गरज नाही?" आहे. चाक लॉक होणार नाही, पण वळणातल्या कचीवर एबीएससुद्धा डांबर आणून देत नाही.

किलोमीटर 640

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट घाट, पौडपर्यंत जाऊन परत. तिच्याकडे पल्सर, माझ्याकडे स्प्लेंडर. एका वळणावर ट्रकमधून सांडलेली कच पसरली होती. तिने वळणाच्या आधीच वेग उतरवला, ब्रेक सोडला आणि गाडी फार न कलवता पलीकडे काढली. मी मागून बघत होतो आणि माझाच श्वास अडकला होता.

पौडला मिसळ खाल्ली. परतीला तिला म्हटलं, आता मी पुढे, तू मागे. घाट उतरून चहाला थांबल्यावर हेल्मेट काढता काढता तिने विचारलं, "मामा, तुझा मागचा दिवा बिघडलाय का?"

"का गं?"

"घाटभर पेटलेलाच होता."

दिव्याला काही झालं नव्हतं. उतारावर मी चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. मागून येणाऱ्याला मी कधी खरंच थांबतोय ते कळायची सोय नाही, आणि ब्रेकचा तापलेला ड्रम ऐन वेळी पकडत नाही हे मी तिलाच समजावलं होतं. गिअर खाली घे, इंजिनला धरू दे, हेही. तिचा दिवा जाताना मोजून तीन-चारदा लागला असेल.

पुढच्या रविवारी मैदानालगतच्या त्याच पट्ट्यावर पुन्हा खडूची रेघ मारली. स्प्लेंडर, वेग चाळीस. या वेळी गाडीवर मी आणि पावलं मोजायला ती. पुढचा ब्रेक दाबताना माझी बोटं अजून आखडतात, हे वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी कळलं. माझे आकडे: 22, 20, 20. त्याच गाडीवर, त्याच वेगाला तिचे 15, आदल्या महिन्यात मी मोजलेले. तिची पावलं लहान आहेत, म्हणून माझा आकडा मोठा दिसतो, असं मी म्हणून पाहिलं. तिने गाडी घेतली, एक फेरी मारून रेघेवर ब्रेक लावला आणि उतरून स्वतःच्या पावलांनी मोजलं.

सतरा.