माझी चित्राहुती

रविवार, रात्री पावणेअकरा

पाऊस होता, म्हणून कृषीनगरच्या ट्रॅकवर फिरायला जाणं आज पुन्हा टळलं. (टळलं कसलं, टाळलं. घरात छत्र्या तीन आहेत.) मग काय, गेल्या एकवीस दिवसांतले जेवणाचे फोटो काढून बसले.

वजन ७४ किलो, उंची पाच फूट दोन इंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तिशीला टेकलेला. आपल्याकडे २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, हे डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं आणि खाल्लेलं सगळं लिहून ठेवा म्हणाल्या. वही चार दिवस टिकली. ‘भाजी १ वाटी’ लिहायचं, पण वाटी कुठली? आमच्या मांडणीवर तीन मापांच्या आहेत. शिवाय रात्री आठवून लिहायला बसलं की माणूस स्वतःच्याच बाजूने साक्ष देतो. म्हणून फोटो. रोज तेच ताट, त्याच वाट्या, वरून एक फोटो, मग पहिला घास.

सासरे अजून जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून, बाजूला भाताची शितं ठेवून चित्राहुती घालतात. पहिल्या दिवशी मला ताटावर फोन धरलेला बघून म्हणाले, “आमची चित्राहुती नावाचीच गं. खरी तुझी.” झालं, घरात तेच नाव पडलं. आता धाकटा टेबलावरून ओरडतो, “आई, चित्राहुती आटप, भूक लागलीय!”

एकेक फोटो बघताना काही दिसत नाही. सगळे ओळीने बघितले तेव्हा डोळ्यांत भरली ती ताटाची डावी बाजू. चटणी-कोशिंबिरीची जागा ती. तिथे रोज लोणच्याची फोड, बाकी उजाड. उजवीकडे बटाटा, खाली भाताची मूद, शेजारी पोळ्यांची चवड. काकडी-टोमॅटो घरात नसतात असं नाही, चिरायचा कंटाळा. आजी नुसतं ताट बघून “डावं रिकामं का?” म्हणायची, तेव्हा मला तो सोवळ्याचा प्रकार वाटायचा.

दुसरी गोष्ट वेळेची, ती फोनच लिहून ठेवतो. दुपारचा डबा सव्वाला. त्यानंतर थेट संध्याकाळी साडेसहा, आणि त्या फोटोत कायम चिवडा. पाच तास पोट रिकामं ठेवून घरी आल्यावर डब्यात मूठ जाणारच, त्यात चिवड्याचा काय दोष? आता चार वाजता ऑफिसातच मूठभर फुटाणे खाते. चिवडा सुटलेला नाही, पण मुठीवरून चिमटीवर आलाय.

आषाढीचा फोटो बघून तर हसूच आलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर तळलेली पापडी, सगळं कसं चकाकतंय. एकवीस दिवसांतलं सगळ्यात तेलकट ताट उपवासाचं! एकादशी अन् दुप्पट खाशी, ते आमच्यासारख्यांसाठीच म्हटलं असणार.

पण फोटोही लबाडी करतो. मागच्या रविवारी मखमलाबाद रस्त्याला मिसळ खायला गेलो. फोटोत सगळं बेताचं: मटकी, शेव, दोन पाव, पापड, दह्याची वाटी. रस्सा मात्र मी तीनदा घेतला आणि फोटो पहिल्याच वाटीचा. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा असं कुणी सांगू नये, मी ऐकणार नाही. पण तर्री तीनदा घ्यायची काय गरज होती?

तसंच फोडणीचं. वाटीतल्या भाजीकडे बघून तेल कळत नाही, म्हणून एकदा हिशेबच केला. चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागतो. म्हणजे माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या ३४० च्या आसपास. नुसत्या तेलाच्या! दोनदा आकडे मांडले, तेच आलं. तेव्हापासून डब्यातून थेट कढईत ओतणं बंद, चमचा हातात घेतला.

फोटोंतून सगळ्यात जास्त निसटतं ते ताटात न येणारं. भाजी ढवळताना तळहातावर घेऊन चाखलेली, ओट्याशी उभ्याने तोडलेला पोळीचा तुकडा, ‘टाकवत नाही’ म्हणून संपवलेला धाकट्याचा वरणभात. याचा एकही फोटो नाही. मी जेवते बसून, पण जाड होते उभ्याने. मग मंगळवारी ठरवलं: तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी बशीत यायला हवी. दोन घास वरणभात बशीत काढून त्याचा फोटो घ्यायचा म्हणजे इतकं ओशाळं होतं की निम्म्या वेळा मी तो झाकून फ्रिजमध्ये ठेवून देते.

आज सकाळी काटा ७२.८ वर होता. नवऱ्याला म्हटलं, तर म्हणाला, “काट्याचा सेल बदललास का?” त्याच्याशी उद्या बोलेन.

आज तूप कढवलं. पातेल्याच्या तळाला खरपूस बेरी राहिली, तिच्यात साखर घालून खरवडून खायची ही लहानपणची सवय. चमचा तोंडाशी नेला आणि थांबले. बशी घेतली, बेरी काढली, फोटो काढला. ९ वाजून ५२ मिनिटं. फोटोत ती ओल्या मातीच्या ढेकळासारखी दिसतेय आणि साखर अजिबात दिसत नाही. म्हणून खाली लिहून ठेवलं, साखर दोन चमचे.

आधी दीड लिहिलं होतं.