कुणकेश्वरची पहाट आणि ओहोटी

कुणकेश्वरच्या यात्रेत अमावास्येच्या पहाटे देवस्वाऱ्या तीर्थस्नानाला समुद्रावर येतात. त्याचं थेट प्रक्षेपण आमच्याकडे होतं. यात्रेच्या गर्दीत मोबाइल टॉवर मान टाकतो, त्यामुळे सिमकार्डांच्या भरवशावर काम घ्यायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. लांबच्या खडकावर कॅमेरा, त्याला एचडी एन्कोडर, म्हणजे चित्र आकसून नेटवर्कवर पाठवणारी पेटी, तिथून 5.8 गिगाहर्ट्‌झचा वायरलेस दुवा देवळाच्या बाजूला, आणि पुढे फायबरने मुंबई. हवेतलं अंतर साधारण एक किलोमीटर, मध्ये पाणी आणि वाळू.

चाचणी आदल्या दिवशी सकाळी अकराला झाली, कारण चॅनलच्या कंट्रोल रूमला तीच वेळ सोयीची. सिग्नल उणे 55 डीबीएम (उण्यापुढचा आकडा जितका लहान, तितका सिग्नल जोरदार), 8 एमबीपीएसचं चित्र काचेसारखं. सगळे खूश.

पहाटे पाचच्या आधी त्याच जोडणीवर चौकोन पडायला लागले. फोनवर कंट्रोल रूमचं एकच पालुपद: ‘गर्दी आहे, नेटवर्क गेलं, बिटरेट कमी करा.’ बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, 8 वरून 3 वर आणलाही. चित्र ज्या पद्धतीने नेटवर्कवरून जातं त्या एसआरटीची लेटन्सी, म्हणजे मुद्दाम ठेवलेला उशीर, मूळची 120 मिलीसेकंद असते, ती 2000 केली. दोन्ही टोकांपैकी ज्याचा आकडा मोठा तोच लागू होतो, म्हणून मुंबईला विचारत बसावं लागलं नाही. हरवलेली पाकिटं परत मागवायला वेळ मिळाला, चित्र कसंबसं उभं राहिलं. पण दुखणं तिथे नव्हतंच.

वायरलेस दुव्याच्या रेडिओच्या सेटिंग पानावर सिग्नल उणे 80 पर्यंत घसरला होता, आणि नॉइज, म्हणजे आसपासच्या लहरींचा गोंगाट, होता तिथेच, उणे 95 ला. गर्दीतल्या फोनांचा आणि वायफायचा त्रास असता तर नॉइज चढला असता. इथे सिग्नलच पडत होता. अँटेना हलला नव्हता, केबल कोरडी होती.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर पोरालाही ठाऊक. चतुर्दशीला साडेदहा, म्हणजे चाचणी जवळजवळ पूर्ण भरतीला झाली. अमावास्येची भरती सव्वाअकराची, तेव्हा पहाटे पाच म्हणजे ओहोटीचा तळ. त्यात उधाण, पाणी दोन मीटरच्या वर उतरलेलं. रेडिओची लहर सरळ पोहोचते तशी पाण्यावर किंवा ओल्या वाळूवर आपटूनही पोहोचते, आणि आपटताना उलटी होते. दोन वाटांमधला फरक एका लहरलांबीइतका, म्हणजे या पट्ट्यात सुमारे पाच सेंटिमीटर झाला, की दोघी एकमेकींना मारतात आणि सिग्नलमध्ये खड्डा पडतो. पाणी उतरलं की दोन्ही अँटेना पाण्यापासून उंच होतात आणि हा फरक वाढतो. सकाळी दोन सेंटिमीटरच्या आसपास असलेला फरक पहाटे नेमका पाचाशी येऊन बसला होता.

मी मास्टची पकड सैल करून अँटेना मीटरभर खाली घेतला. मदतीला असलेला मुलगा ओरडलाच, “दादा, खाली कित्याक घेतास? वर करुक होयो!” अँटेना जितका उंच तितका चांगला, हेच सगळ्यांना शिकवलेलं असतं. वर केला असता तरी त्या क्षणी सिग्नल आला असता. पण पाणी आता चढणार होतं. चढत्या पाण्याबरोबर फरक कमी होत जातो, म्हणजे वरचा अँटेना भर स्नानात पुन्हा त्याच खड्ड्यातून गेला असता. खालचा मात्र दर मिनिटाला खड्ड्यापासून लांबच जाणार होता. सिग्नल उणे 60 च्या आत आला, बिटरेट पुन्हा 8 केला, आणि पहिली पालखी पाण्याशी आली तेव्हा अबदागिरीची झालर मोजता येईल इतकं स्वच्छ चित्र मुंबईत दिसत होतं.

चॅनलच्या अहवालात कारण लिहिलं गेलं, ‘गर्दीमुळे नेटवर्कची अडचण’. मी सिग्नल आणि नॉइजचे दोन्ही आलेख पाठवले. ते कोणी उघडले असतील असं वाटत नाही, कारण पुढच्या किनाऱ्यावरच्या कामाचं वेळापत्रक आलंय आणि चाचणी पुन्हा सकाळी अकरालाच आहे. त्या दिवशी सप्तमी, म्हणजे भरती सव्वापाचची. चाचणी ओहोटीला होईल आणि संध्याकाळचं प्रक्षेपण भरतीला. यावेळी खड्डा कुठल्या उंचीवर पडेल ते कागदावर काढतोय, पण वाळूचा उतार मोजल्याशिवाय तो आकडा पक्का होत नाही.